संशोधनातल्या गैरव्यवहाराची तक्रार : अर्ज नेमका कुठे अडकतो

सहकाऱ्याच्या शोधनिबंधातले आकडे खोटे आहेत अशी खात्री पटली, धीर करून अर्ज केला, आणि काही आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं : ‘दखलपात्र नाही’. अशा वेळी संशय चुकीचाच असतो असं नाही. पुष्कळदा अर्जाची मांडणी चुकलेली असते.

गैरव्यवहाराच्या व्याख्येत सहसा तीनच गोष्टी धरतात : डेटा मनाने रचणं, खऱ्या डेटात किंवा प्रतिमेत फेरफार करणं, आणि वाङ्मयचौर्य. प्रामाणिक चूक आणि मतभेद यात येत नाहीत. लेखकांच्या यादीतून आपलं नाव गाळलं याचा राग रास्त असतो, पण तो श्रेयाचा वाद. त्याची दाद वेगळीकडे मागायची. दोन्ही गाऱ्हाणी एकाच अर्जात घातली की वाचणाऱ्याला वैयक्तिक भांडण दिसतं आणि खोट्या आकड्यांचा मुद्दाही त्यासोबत बाजूला पडतो. कृपा करून दोन वेगळे अर्ज करा.

तक्रार कोणीही करू शकतं, विद्यार्थीही. निनावी अर्ज चालतो का, हे संस्थेच्या नियमात पाहून घ्या.

अर्ज कुठे द्यायचा? निबंध छापणाऱ्या नियतकालिकाचा संपादक दुरुस्ती छापू शकतो, शंका जाहीर करू शकतो, निबंध मागे घेऊ शकतो. प्रयोगशाळेतल्या वह्या ताब्यात घेणं मात्र त्याच्या हातात नाही. तो अधिकार संशोधकाच्या संस्थेचा. फक्त संपादकाला लिहून वर्षभर वाट पाहत बसलेले लोक मी पाहिले आहेत. दोन्हीकडे लिहा, आणि दोन्ही अर्जांत तसा उल्लेख करा.

आता सगळ्यात मोठी अडचण : पुरावा. ‘आवश्यक ती सर्व कागदपत्रे जोडावीत’ एवढंच लिहून कार्यालयं मोकळी होतात, आणि अर्जदाराला वाटतं की मूळ डेटा आपणच आणून द्यायचा. तो त्याच्याकडे कसा असणार? बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतल्या यान हेंड्रिक शोन या भौतिकशास्त्रज्ञाचं प्रकरण पाहा. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांमधला ‘नॉइज’ (मोजमापात आपोआप येणारे बारीक, अनियमित चढउतार, जे प्रत्येक प्रयोगात वेगळे असायला हवेत) हुबेहूब सारखा असल्याचं बाहेरच्या भौतिकशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. त्यांच्या हाती फक्त छापलेले आलेख होते. 2002 साली चौकशी समितीने 24 आरोपांपैकी 16 मध्ये गैरव्यवहार झाल्याचा निष्कर्ष काढला. संगणकात जागा नव्हती म्हणून मूळ फाइली पुसल्या, असं शोनचं म्हणणं होतं.

म्हणून ‘सगळा निबंध बनावट आहे’ असं लिहू नका. निबंध कोणता, आकृती कोणती, पान कुठलं, ती कशाशी जुळते, हे लिहा. दोन आकृत्या शेजारी ठेवून जोडा. हेतूबद्दल अवाक्षर नको. तो ठरवणं समितीचं काम. आणि दुसऱ्याचा संगणक किंवा कपाट उघडून पुरावा काढू नका, नाहीतर चौकशी तुमचीच सुरू होईल.

मुदतीबद्दलही गैरसमज असतो. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य सेवेच्या निधीतून झालेल्या संशोधनाबद्दलच्या तक्रारीला सहा वर्षांची मर्यादा आहे. ती तुम्हाला कळलं त्या दिवसापासून मोजत नाहीत. गैरव्यवहार घडला तिथपासून तक्रार पोचेपर्यंत मोजतात. मात्र तोच खोटा भाग संशोधकाने पुढे नव्या निबंधात किंवा अनुदानाच्या अर्जात पुन्हा वापरला असेल, तर जुनं प्रकरणही विचारात घेता येतं. अशा पुनर्वापराची तारीख अर्जात ठळक लिहा. इतर ठिकाणी नियम निराळे असतात, ते आधीच वाचा.

पुढचे टप्पे ठरलेले : छाननी, प्राथमिक चौकशी, मग सविस्तर चौकशी.

एक कळकळीची विनंती. अर्जाची प्रत संबंधित संशोधकाला किंवा सगळ्या विभागाला पाठवू नका. संस्थेने नोंदी ताब्यात घेण्याआधी बातमी फुटली तर त्या नोंदी उरतीलच असं नाही. अर्ज पोचल्याची तारीख लेखी मागून घ्या, आणि त्यानंतर तुमचं काम काढून घेतलं किंवा शिफारसपत्र अडवलं तर तेही तारखेसह त्याच कार्यालयाला कळवा.