नवव्या परिशिष्टाचं कवच आणि संसदेच्या अधिकाराची सीमा

आरक्षणाचा विषय निघाला की 'कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात टाका, कोर्टाची कटकटच संपली' ही मागणी हमखास येते, आणि दुसरीकडे शेतकरी चळवळीतले लोक हेच परिशिष्ट रद्द करा म्हणून कित्येक वर्षं भांडतायत. दोघंही त्याला अभेद्य कवच धरून चालतात. पण तसं ते आता राहिलेलं नाही.

हे परिशिष्ट आलं 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीत, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्या आधीच. बिहारचा जमीनदारीविरोधी कायदा हायकोर्टाने रद्द केला होता, म्हणून कलम 31ब घातलं आणि 13 कायद्यांची यादी जोडली, ज्यात आपला मुंबई प्रांताचा 1948 चा कूळकायदाही होता. यादीतला कायदा मूलभूत हक्कांच्या विरोधात आहे म्हणून रद्द करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. हेतू चांगलाच होता. पण दार एकदा उघडल्यावर यादी वाढत वाढत 284 नोंदींपर्यंत गेली, आणि त्यात जमिनीशी काडीचा संबंध नसलेले कायदेही घुसले.

मग 1967 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या 11 न्यायाधीशांनी 6 विरुद्ध 5 ने सांगितलं की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करताच येत नाही, त्यावर संसदेने 1971 ला 24वी दुरुस्ती करून तो अधिकार परत घेतला, आणि हा सगळा गुंता केरळमधल्या एका मठाच्या प्रमुखांच्या केसमध्ये 13 न्यायाधीशांपुढे गेला. 68 दिवस सुनावणी चालली. 24 एप्रिल 1973 चा निकाल 7 विरुद्ध 6 : संसद घटनेतलं कुठलंही कलम बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट, म्हणजे तिचा गाभा, मोडू शकत नाही.

इथेच खरा वाद आहे. निकालपत्रं एकूण 11, आणि बहुमताचं मत म्हणून जो छोटा गोषवारा निघाला त्यावर 9 न्यायाधीशांनी सह्या केल्या, चौघांनी केल्याच नाहीत. सहा जण म्हणत होते मर्यादा आहेत, सहा म्हणत होते नाहीत, आणि मधला एक म्हणाला की मर्यादा 'दुरुस्ती' या अधिकारातच आहे, जुनी घटना कुठल्यातरी रूपात शिल्लक राहिली तरच ती दुरुस्ती, पण मालमत्तेचा हक्क काही त्या चौकटीत येत नाही. म्हणून टीकाकार म्हणतात की हे बहुमत ओढूनताणून आणलेलं. आकडेमोड म्हणून यात तथ्य आहे, तरी मला हा आक्षेप पटत नाही, कारण पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर नेणाऱ्या 39व्या दुरुस्तीतला तो भाग 1975 मध्ये, ऐन आणीबाणीत, रद्द झाला तेव्हा हीच कसोटी वापरली गेली, आणि वापरणाऱ्यांमध्ये 1973 ला विरोधात गेलेले न्यायाधीशही होते. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सरकारने बहुमतातल्या तीन ज्येष्ठांना डावलून चौथ्याला सरन्यायाधीश केलं होतं, हेही विसरू नये. त्या दबावानंतरही तत्त्व टिकलं.

42व्या दुरुस्तीने तर कुठल्याही घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही असं लिहून टाकलं होतं. 1980 ला ते रद्द झालं.

परिशिष्टाचा हिशोबही त्याच वर्षी लागला, तोही महाराष्ट्राच्या सीलिंगच्या, म्हणजे जमीनधारणेच्या कमाल मर्यादेच्या कायद्यावरून. कोर्टाने 24 एप्रिल 1973 हीच रेघ धरली : त्याआधी यादीत गेलेले कायदे सुरक्षित, नंतरचे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येणार. 2007 ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने ते पक्कं केलं. तामिळनाडूचं 69 टक्के आरक्षण परिशिष्टात गेलं 1994 ला, म्हणजे रेघेच्या नंतर, आणि आज एखादा कायदा नव्याने टाकला तर त्यालाही हीच तपासणी लागू होणार.