मोबाईल व्हीआर गेमसाठी कंट्रोलर : ऑर्डर देण्याआधी

फोन बसवून वापरायच्या हेडसेटसाठी आम्ही बनवतो त्या कंट्रोलरला स्वतःचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते कळते, स्वतः कुठे आहे ते कळत नाही. मनगट वळवलेले, हात उचललेला समजतो. हात सरळ वीतभर पुढे नेला तर पत्ता लागत नाही. गूगल डेड्रीमचा (२०१६) आणि सॅमसंग गियर व्हीआरचा (२०१७) कंट्रोलर याच जातीचे.

“अॅक्सेलरोमीटर आहे ना, मग त्यावरून अंतर काढा,” असे हमखास सुचवले जाते. हा सेन्सर वेगातला बदल मोजतो, पण त्यात गुरुत्वाकर्षणही मिसळलेले असते. ते आधी वजा करावे लागते. झुकावाचा अंदाज फक्त १ अंशाने चुकला, तर टेबलावर नुसता पडलेला कंट्रोलर १ सेकंदात साडेआठ सेंटिमीटर आणि १० सेकंदांत साडेआठ मीटर सरकल्याचे दिसते! त्यामुळे कोपर एका जागी स्थिर आहे असे मानायचे, तिथून मनगट २५ सेंटिमीटरवर मानायचे आणि हात कुठे असेल ते कोनांवरून ठरवायचे. तलवार, टॉर्च, मासे धरायचा गळ यांना एवढे पुरते. बॉक्सिंगचा गेम असेल तर आमचा कंट्रोलर घेऊ नका. डावखुऱ्यांसाठी कोपराची बाजू बदलायची सोय गेममध्ये ठेवाच.

दुसरी तक्रार येते ती नेम हळूहळू बाजूला सरकण्याची. जायरोत (वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरमध्ये) सेकंदाला ०.१ अंशाची चूक राहिली तरी मिनिटात नेम ६ अंश ढळतो. वर-खालीची चूक गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने सुधारता येते, डावी-उजवीची नाही. उपाय दोन. कंट्रोलर चालू केल्यावर ३ सेकंद टेबलावर स्थिर ठेवायचा, तेवढ्यात फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतले सॉफ्टवेअर) जायरोची चूक मोजून घेते. आणि होम बटण दाबून धरले की नेम समोर यायला हवा, अगदी पॉज स्क्रीनवरसुद्धा.

होकायंत्रासारखा दिशा दाखवणारा चुंबकीय सेन्सर घातला की डावी-उजवीचा प्रश्न मिटला, असे नाही. ट्रिपल ए सेलचे आवरण पोलादी असते. सेल बदलले की रीडिंग बदलते आणि हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून पुन्हा कॅलिब्रेशन करावे लागते. व्हायब्रेशन मोटरमध्ये तर चुंबकच असतो. म्हणून सेन्सर पुढच्या टोकाला, मोटर आणि सेल मुठीत. मोटर थरथरत असते तेवढा वेळ झुकावाची दुरुस्ती आम्ही थांबवतो, नाहीतर प्रत्येक गोळीबरोबर बंदूक डुलते.

नमुना मागवताना फोनचे मॉडेल, बटणांची संख्या आणि गेममध्ये हातात काय धरायचे आहे, एवढे कळवा.