गोमंतकीय स्थलांतरितांचा वंशशोध

पोटापाण्यासाठी गोव्याबाहेर गेलेले पूर्वज कोण होते, कुठे राहिले आणि काय काम करत होते, हे ऑनलाइन खुल्या झालेल्या जुन्या दप्तरांतून शोधण्याची प्रथा. या शोधाला दोन टोके आहेत. गोव्यातली कागदपत्रे नाते सांगतात. पूर्वजाचा धंदा मात्र बहुधा परमुलखातल्या मालकाच्या किंवा सरकारच्या दप्तरात सापडतो. दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे गावाचे नाव. ते ठाऊक नसेल तर शोध तिथेच खुंटतो.

तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातल्या, ख्रिस्ती घराण्यांचे काम तुलनेने सोपे असते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा व विवाहांची नोंद सक्तीची केली, त्यामुळे चर्चच्या वह्यांत आईबापांची नावे मिळतात. हिंदू घराण्यांना जन्मनोंदीचा आधार मिळतो तो फार उशिरा, पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर नागरी नोंदणी सुरू झाली तेव्हापासून. त्याआधीच्या काळासाठी देवस्थानांच्या महाजनांच्या (वंशपरंपरागत हक्कदारांच्या) याद्या आणि गावकरीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची, दप्तरे पाहावी लागतात. गावकरीत घराण्यांचे गट ‘वांगड’ म्हणून ओळखले जातात. धर्मांतरानंतर नाव व आडनाव बदलले तरी वांगड तोच राहिल्याने काही ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या हिंदू पूर्वजांपर्यंत माग काढता येतो. महाजनांच्या याद्या वाचताना मात्र सांभाळावे लागते. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी, म्हाळसेचे वेर्णे, शांतादुर्गेचे केळशी. ही दैवते सोळाव्या शतकात फोंडा महालात नेली गेली. तेव्हा मंगेशीचा महाजन मूळचा मंगेशीचाच, असे धरून चालत नाही.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतही वंशावळी असतात. यूटामधील वंशावळी संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे मायक्रोफिल्मवर चित्रण केले आहे. फॅमिलीसर्च हे मोफत संकेतस्थळ त्याच परंपरेतले. पण मोडीतले कागद अजून घरोघरच्या पेट्यांत पडून आहेत, आणि मोडी वाचता येणारा माणूस गाठणे हेच अनेकदा शोधातले सगळ्यात अवघड काम ठरते. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ सालापासूनची. इतिहासकार दियोगु दो कोतु हे त्याचे पहिले प्रमुख. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी ते सांभाळले.

सर्वांत मोठा घोळ लेखनाचा. पोर्तुगीज कारकून शेणवीला ‘सिनाय’, प्रभूला ‘पोरोबो’, कामतला ‘कामोतीम’ लिहीत. श या उच्चारासाठी ते एक्स हे अक्षर वापरत. साहजिकच इंग्रजी पद्धतीने ‘शंकर’ टाइप केले तर काहीच हाती लागत नाही. एक्सपासून सुरू होणारे रूप टाकावे लागते. त्यात गावावरून पडणारी ‘कर’कारान्त आडनावे! गायिका केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. कुर्डी तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले, त्यामुळे आजच्या वसत्यांत ते शोधून उपयोग नाही. देवळांत गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या कलावंत घराण्यांची वंशावळ अनेकदा आईकडून चालते. बापाच्या नावाचीच चौकट असलेल्या तयार तक्त्यांत ती नीट बसत नाही, आणि हा दोष तक्त्याचा आहे.

कामाच्या नोंदींत सर्वांत बोलके दप्तर जहाजांचे. गोमंतकीय तारवटी (खलाशी) मुंबईला येऊन धोबीतलाव परिसरातल्या आपापल्या गावच्या ‘कुडां’त, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, उतरत आणि बोटीवर आचारी, स्टुअर्ड म्हणून चढत. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या १९१५ सालच्या खलाशी-याद्या ऑनलाइन मोफत पाहता येतात. त्यांत नाव, वय, जन्मस्थान, पत्ता, हुद्दा आणि आधीचे जहाज अशी माहिती मिळते. म्हणजे एका ओळीवरून त्याच्या आधीच्या बोटीचाही माग लागू शकतो. आशियाई खलाश्यांचे करार अनेकदा स्वतंत्र असत, त्यामुळे प्रत्येकाचे नाव सापडेलच असे नाही. शिवाय याद्या उतरवून घेणाऱ्या स्वयंसेवकांना आपल्या गावांची नावे कुठून ठाऊक असणार! जन्मस्थानाच्या रकान्यातला विचित्र शब्द मोठ्याने वाचून पाहिला की बरेचदा गाव ओळखू येते.

पूर्व आफ्रिकेत गेलेले गोमंतकीय कारकून, शिंपी, आचारी, बेकरीवाले होते. त्यांच्यासाठी केनियाचे शासकीय राजपत्र हा खजिनाच. त्याचे जुने अंक ऑनलाइन शोधता येतात. त्यात सरकारी नेमणुका आणि बदल्या येतात, तशाच मयतांच्या मिळकतीबाबतच्या जाहीर सूचनाही. झांजिबारमधील १९६४ ची क्रांती आणि १९७२ मधील युगांडातील हकालपट्टी यांमुळे अनेक कुटुंबे दुसऱ्यांदा विस्थापित झाली. त्यांचे पुढचे कागद मग ब्रिटन-कॅनडात शोधावे लागतात.

अलीकडे या शोधाला पोर्तुगीज नागरिकत्वाची ओढ लागली आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या काही पिढ्यांचा जन्म लिस्बनला नोंदवता येतो. त्यामुळे हौसेने काढलेल्या वंशावळीपेक्षा आजोबांचा जन्मदाखला मोलाचा ठरतो. आजोबांचे नाव विवाहनोंदीत एक आणि जन्मनोंदीत दुसरे निघाले, तर आधी ती दुरुस्ती करून घ्यावी लागते.