‘टिप’ म्हणजे आद्याक्षरं नव्हेत

अमेरिकेतल्या छोट्या गावच्या डायनरमध्ये बिल आलं, की आपल्यातलं कुणीतरी हमखास सांगतं: टिप म्हणजे ‘टु इन्शुअर प्रॉम्प्टनेस’, झटपट वाढावं म्हणून दिलेले पैसे. साफ चूक. ‘टिप’ हा इंग्लंडमधल्या चोरांच्या बोलीतला जुना शब्द. अर्थ, हातावर टेकवणं. आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची टूम खूप नंतरची, विसाव्या शतकात फोफावलेली. आणि झटपट वाढण्यासाठीच द्यायची, तर जेवून झाल्यावर कशाला देतात?

खरी गोम पगारात आहे. टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने ताशी २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याला चालतं; हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. टिप धरून ताशी ७.२५ डॉलर, म्हणजे केंद्रीय किमान वेतन, होत नसेल, तरच उरलेले मालकाने भरायचे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र ही सूट नाही.