नीळ आणि नीळ: एक पाल्यातली, एक भट्टीतली

किराणा दुकानात ‘नीळ द्या’ म्हटलं की दुकानदार निळ्या भुकटीची पुडी पुढे करतो. शाळेत चंपारण्याच्या धड्यात ‘निळीची सक्तीची शेती’ असं वाचलं की डोळ्यांसमोर तीच पुडी येते. मी तर बरीच वर्षं समजत होतो, की आई बादलीत कालवते ती भुकटी बिहारच्या शेतातून येते. तसं नाही. नाव एक असलं तरी या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

शेतातली नीळ म्हणजे इंडिगो. तूर-हरभऱ्याच्या कुळातलं हे झुडूप. जुन्या मराठीत त्याला गुळी असंही म्हणत. पाला दिसायला साधा हिरवा. तो हौदात पाण्याखाली दाबून आंबवतात, मग ते पाणी दुसऱ्या हौदात घेऊन खूप वेळ घुसळतात. हवा लागली की निळा गाळ तळाशी बसतो. तो वाळवून वड्या पाडतात.

पण ही वडी पाण्यात विरघळत नाही. कापड रंगवायचं तर रांजणात चुना, गूळ घालून ती पुन्हा आंबवावी लागते. तेव्हा रांजणातलं पाणी पिवळट हिरवं होतं. एका कार्यशाळेत मी पांढरा रुमाल असा बुडवला होता. बाहेर काढला तेव्हा त्याचा रंग कैरीच्या सालीसारखा होता. हातात धरून उभा राहिलो आणि बघता बघता कडेकडून तो पालटत गेला: आधी हिरवा, मग मोरपंखी, मग निळा. एका बुडीत फिकट आकाशी येतो. रात्रीसारखा गडद हवा असेल तर बुडवायचं, हवा द्यायची, पुन्हा बुडवायचं. माझी नखं कित्येक दिवस निळी राहिली. हेच काम पिढ्यान् पिढ्या करणाऱ्यांना आपल्याकडे निळारी किंवा निराळी म्हणत. हा रंग धाग्याच्या वरच्या थरात घट्ट बसतो, आतपर्यंत मुरत नाही. म्हणून जीन्स गुडघ्यावर आधी पांढरी पडते.

या निळीपायी शेतकऱ्यांनी फार सोसलं. १८५९-६० मध्ये बंगालच्या रयतेने नीळ पेरायला नकार देत उठाव केला. चंपारण्यात ‘तीनकठिया’ होती: वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे मळेवाल्या साहेबाच्या निळीसाठी राखायचे. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेला इंडिगो बाजारात आणला आणि झाडाच्या निळीचा भाव कोसळला. मळेवाल्यांनी तो तोटा शेतकऱ्यांच्याच माथी मारला. ‘नीळ पेरू नका, पण खंड वाढवून द्या’ असा हिशेब. राजकुमार शुक्ल या शेतकऱ्याने गांधीजींचा पिच्छा पुरवला आणि १९१७ मध्ये त्यांना तिथे नेलं. धुण्याची पुडी हातात घेऊन ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा मला वाईट वाटतं. ज्या पिकासाठी जमीन अडवली गेली, ते पीक निदान नीट ओळखावं.

पुडीतली भुकटी असते अल्ट्रामरीन. तिचा पूर्वज म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द हा दगड. तो कुटून काढलेला रंग युरोपात इतका महाग होता, की स्वस्त पर्याय शोधणाऱ्यासाठी फ्रान्समध्ये १८२४ साली ६,००० फ्रँकचं बक्षीस लावलं गेलं. ते गिमे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून ही नीळ होते. त्यात पाला नाही की शेत नाही.

ती कापड रंगवत नाही. सुती कपडे वापरून पिवळट पडतात. निळसर झाक दिली की डोळ्यांना तो पिवळेपणा जाणवत नाही, कपडा पांढराशुभ्र वाटतो. आई फडक्याच्या पुरचुंडीत नीळ बांधून बादलीत फिरवायची. मी एकदा घाईत भुकटी तशीच टाकली, तर बाबांच्या सदऱ्यावर निळे ठिपके उठले. पुन्हा धुतल्यावर ते निघाले, कारण ही नीळ धाग्याला नुसती चिकटते. दर धुण्याला ती नव्याने घालावी लागते ती त्यामुळेच. चुन्यात मात्र ती छान टिकते, म्हणून गावाकडे भिंतीच्या सफेदीतही चिमूटभर घालतात.

ओळखायचं असेल तर भुकटीवर लिंबू पिळा. अल्ट्रामरीनचा रंग उडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो त्यातल्या गंधकाचा. इंडिगोला लिंबाने काही होत नाही. (बाटलीतली पातळ नीळ हा तिसराच, कृत्रिम रंग. तिला ही परीक्षा लावू नका.)

आणि पंचतंत्रातला तो निळा कोल्हा? मुलांच्या बऱ्याच पुस्तकांत पाऊस येतो, रंग धुऊन जातो आणि त्याचं सोंग उघडं पडतं. मूळ गोष्टीत तो पकडला जातो कोल्हेकुईमुळे. दुरून कुई ऐकू येते आणि त्यालाही राहवत नाही. तो पडला होता रजकाच्या घरच्या पिंपात. रजक म्हणजे धोबीही आणि रंगारीही. पण पिंपातली नीळ झाडाचीच, पावसाने ती गेलीच नसती. त्याच गोष्टीत एक श्लोक आहे: वज्रलेप, मूर्ख, खेकडा आणि नीळ यांची पकड एकदा बसली की सुटत नाही.