थियान हॉक केंग : समुद्रदेवीच्या देवळात जाण्याआधी वाचून ठेवा

(आमच्या सिंगापूर सहलीच्या प्रवाशांसाठी)

कार्यक्रमपत्रिकेत एका सकाळी ‘तेलोक आयर रस्ता, चिनी देऊळ’ असं लिहिलेलं दिसलं की बुकिंगच्या वेळी प्रश्न ठरलेला : देवळं काय आपल्याकडे कमी आहेत? युनिव्हर्सल, नाइट सफारी, गार्डन्स यातलं काहीही आम्ही कापलेलं नाही. कापला आहे तो सकाळचा मॉल. मॉल संध्याकाळीही उघडा असतो आणि थंडगार असतो. देऊळ मात्र उन्हं चढायच्या आत बघावं.

शिवाय थियान हॉक केंग हे नुसतं सुंदर देऊळ नाही. समुद्र ओलांडून जिवंत पोचलेल्या माणसांनी नवस फेडावा तसं ते बांधलं आहे. हे माहीत नसेल तर दहा मिनिटांत चार फोटो काढून माणूस बाहेर येतो. माहीत असेल तर तास-दीड तास कमी पडतो. म्हणून हे पत्रक.

समुद्र कुठे आहे?

गाडीतून उतरल्यावर हे सगळेच विचारतात. समोर रस्ता, मागे काचेच्या गगनचुंबी इमारती, आणि समुद्रदेवीच्या दारात समुद्राचा पत्ता नाही. देऊळ बांधलं तेव्हा तेलोक आयर रस्ता हाच किनारा होता आणि भरतीचं पाणी जवळपास दारापर्यंत यायचं. पुढे १८८० च्या दशकात टेकड्या खणून इथे भराव घातला गेला आणि किनारा दूर सरकला. मुंबईकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

चीनच्या फुजियान प्रांतातून निघालेली गलबतं ईशान्येच्या मोसमी वाऱ्यावर दक्षिणेला यायची. त्यातले होक्कियेन बोलणारे लोक इथेच उतरायचे. १८२१ च्या सुमारास किनाऱ्यावर पूजेची एक साधी जागा होती. जमिनीवर पाय टेकला की आधी तिथे उदबत्ती लावायची, मग कामधंदा शोधायला निघायचं. त्याच जागी १८३९ मध्ये आजच्या देवळाचं बांधकाम सुरू झालं. १८४० मध्ये देवीची मूर्ती चीनहून जहाजाने आली आणि तिची वाजतगाजत मिरवणूक निघाली. १८४२ मध्ये काम पुरं झालं. खर्च सुमारे ३० हजार स्पॅनिश डॉलर. त्यात सर्वांत मोठी, तीन हजारांवरची देणगी तान तोक सेंग यांची. मलाक्कात जन्मलेले हे गृहस्थ भाजीपाला, फळं, कोंबड्या विकत विकत मोठे व्यापारी झाले. सिंगापूरचं एक मोठं रुग्णालय आजही त्यांच्या नावाने चालतं. गाईड ते नाव घेईल तेव्हा ओळख पटेल.

देवी कोण?

तिचं नाव माझू. इथले जुने लोक मायेने ‘मा चो पो’ म्हणतात. परंपरा सांगते की इ. स. ९६० मध्ये फुजियानजवळच्या मेइझोऊ बेटावर लिन नावाच्या घरात ही मुलगी जन्मली. घरी बसल्या बसल्या तिची समाधी लागायची आणि वादळात सापडलेल्या वडील-भावांना ती तिथून वाचवायची, अशी तिची कथा. कथेची रूपं बरीच आहेत, गाईडने वेगळं सांगितलं तर वाद घालू नका. विशीत गेलेल्या या मुलीला नाविकांनी देवी मानलं, पुढे चिनी सम्राटांनी तिला एकाहून एक मोठ्या पदव्या दिल्या. तिच्या पूजेची परंपरा २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदली गेली.

देवीजवळचे दोन सेवक चुकवू नका. एक कपाळावर हात आडवा धरून दूरवर बघतो, दुसरा कानाशी हात नेऊन ऐकतो. एकाला हजार कोसांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरून आलेली हाक ऐकू येते. समुद्रात अडकलेल्याला याहून जास्त काय हवं असणार?

मुख्य गाभाऱ्यात देवीच्या एका बाजूला वैद्यकीचा देव आहे, दुसऱ्या बाजूला ग्वान गोंग, म्हणजे चीनच्या इतिहासातल्या ‘तीन राज्यांच्या’ काळातला शूर आणि शब्दाला पक्का सेनापती, जो पुढे देव मानला गेला. या देवाचं देऊळ मुंबईतही आहे. माझगावचं सी यिप देऊळ चिनी खलाशांनी १९१९ मध्ये बांधलं. बऱ्याच मुंबईकरांना ते ठाऊकच नसतं, आणि ओळख होते ती थेट सिंगापुरात. मागच्या गाभाऱ्यात करुणेची देवी ग्वानयिन आहे. तिकडे शांतता असते, पाच मिनिटं बसून घ्या.

काय बघायचं

आमचा सल्ला असा, की आत शिरल्यावर थेट देवीकडे धावू नका. चौकात उभं राहून आधी छत बघा. आढ्याची दोन्ही टोकं पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगून वर वळलेली आहेत. ही फुजियानच्या दक्षिण भागाची खास धाटणी. वर समोरासमोर ड्रॅगन आणि मधे ज्वाळांचा मणी. ड्रॅगनचे खवले रंगवलेले वाटतात, पण ते चिनी मातीच्या रंगीत भांड्यांचे कापलेले तुकडे आहेत, एकेक करून बसवलेले. खालून दिसत नाही, म्हणून मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. ऊन तिरपं असताना तुकड्यांच्या कडा चमकतात. सकाळी लवकर नेण्याचा आमचा हट्ट यासाठीच.

मग लाकूडकाम. खांब, तुळया आणि त्यांना जोडणारे एकावर एक रचलेले कंस, हा सगळा सांगाडा खाचा पाडून बसवलेला आहे, खिळे न मारता. भार पेलणारी कोरीव माणसं तुळयांखाली दिसतील. त्यातल्या काहींचे चेहरे भारतीय वळणाचे आहेत. शेजारच्या भारतीय वस्तीने बांधकामाला हात लावला त्याची ही आठवण, असं इथे सांगतात. ती शोधून काढा. पोरांना या कामाला लावलं तर ती अजिबात कंटाळत नाहीत.

देवीच काय, इथली बहुतेक प्रत्येक वस्तू जहाजातूनच आली आहे. दगड आणि लाकूड चीनहून आलं. दर्शनी भागातले लोखंडी कठडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत थेट स्कॉटलंडच्या ग्लासगोहून आले. टाइल्स युरोपातल्या. आणि १९०७ मध्ये चीनचा सम्राट ग्वांगशू याच्याकडून ‘दक्षिण समुद्रावर लाटा शांत राहोत’ अशा अर्थाची अक्षरं आली. देवळात दिसते ती प्रतिकृती, मूळ ठेवा राष्ट्रीय संग्रहालयात सांभाळलेला आहे.

देऊळ १९७३ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. १९९८ ते २००० या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली आणि २००१ मध्ये युनेस्कोने तिची पुरस्कारांत दखल घेतली. सोनेरी मुलामा इतका ताजा कसा, याचं उत्तर त्या दुरुस्तीत आहे.

आत कसं वागायचं

चपला-बूट काढायचे नाहीत. आपल्या माणसाला हे जड जातं, पण इथे तशी पद्धतच नाही. बाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे लोक नवलाने बघतात.

उंबरठा चांगला उंच आहे. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. हे आपल्या घरचंच वळण, फक्त उंची जास्त. गुडघे दुखत असतील तर आमच्या माणसाचा हात धरा, संकोच नको. मधलं दार देवांचं. देवळाकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताचं दार आत जायचं, तिकडे ड्रॅगन. डाव्या हाताचं बाहेर यायचं, तिकडे वाघ. वाघाच्या तोंडातून आत शिरत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

घंटा किंवा ढोल दिसला तरी वाजवायचा नाही. नारळ फोडायचा नाही, हळदकुंकू वाहायचं नाही. नमस्कार मात्र खुशाल करा, त्याला कुणाची हरकत नसते. उदबत्ती लावायची असेल तर ज्योत फुंकर मारून विझवू नका, हात हलवून विझवा. धूपपात्रात राख गरम असते आणि वाऱ्याने उडते. सिल्कची साडी त्या दिवशी नकोच. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे बरे.

भाविक जमिनीवर चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाल लाकडी तुकडे टाकताना दिसतील. देवळात कौल लावतात ना, तोच हा प्रकार. एक पालथा, एक उताणा पडला की होकार. दोन्ही पालथे म्हणजे नकार. दोन्ही सपाट बाजू वर करून पडले तर देव हसतोय, प्रश्न नीट विचार! कुणी मनापासून विचारत असेल तर त्याच्या समोर कॅमेरा धरू नका. फोटोंबाबत जिथे पाटी असेल तिथे तिचं ऐका, आणि मूर्तीकडे पाठ करून सेल्फी तर नकोच.

प्रवेश मोफत. सहसा सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाचपर्यंत उघडं असतं. दानपेटीत टाकायचं की नाही हा तुमचा प्रश्न, आमच्या पॅकेजमध्ये तसा काही आकार नाही.

गर्दीचा अंदाज पंचांगावरून घेता येतो, हे फारसं कुणी सांगत नाही. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी भाविक जास्त येतात, म्हणजे साधारण आपली अमावास्या आणि पौर्णिमा. देवीचा जन्मदिवस तिसऱ्या चिनी महिन्याच्या २३ व्या दिवशी, म्हणजे चैत्र किंवा वैशाख वद्य अष्टमीच्या आसपास पडतो. त्या सुमारास तुमची सहल असेल तर नशीब समजा, पण धुराचा त्रास असलेल्यांनी मास्क जवळ ठेवावा.

शेजारपाजार

देवळाच्या मागच्या भिंतीवर, अमॉय रस्त्याच्या बाजूला, ४४ मीटर लांबीचं भित्तिचित्र आहे. यिप यू चोंग या चित्रकाराने २०१७ मध्ये ते रंगवलं. फुजियानहून निघालेल्या माणसांची गोष्ट त्यात दिसते. ग्रुप फोटो आम्ही तिथेच काढतो.

रस्त्यावर जवळच नागोर दर्गा आहे, १८२८ ते १८३० मध्ये तमिळ किनाऱ्यावरून आलेल्या चुलिया मुसलमानांनी बांधलेला. तमिळनाडूतल्या नागोरचे संत शाहुल हमीद हेही समुद्रावरच्या माणसांचे रक्षणकर्ते मानले जातात. एकाच किनाऱ्यावर उतरलेल्या दोन देशांच्या लोकांनी आपापल्या राखणदाराला दिलेल्या या दोन जागा. आमच्या मते ही जोडी एकत्र बघितल्याशिवाय तेलोक आयर पाहिलं असं म्हणू नये. दर्ग्यात आता वारसा केंद्र आहे, पाच-दहा मिनिटांत बघून होतं.

जेवणाचं

देवळातून चालत लाउ पा सात या जुन्या ओतीव लोखंडाच्या बाजारात जातो. भारतीय स्टॉल तिथे मिळतो. इतर ठिकाणी ‘व्हेज’ म्हटलेल्या नूडल्समध्येही सुक्या कोळंबीची किंवा माशाची चव असू शकते, तेव्हा आमच्या माणसाला विचारल्याशिवाय काही मागवू नका. जैन जेवण किंवा उपास असेल तर निघण्याच्या किमान आठवडाभर आधी ऑफिसला फोन करून सांगा. तिथे पोचल्यावर सांगितलं तर फळं आणि दह्यावरच भागवावं लागेल.