व्लादिस्लाव दुसरा, यागिएलो

व्लादिस्लाव दुसरा, यागिएलो : (सु. १३५२ किंवा सु. १३६२–१ जून १४३४). लिथुएनियाचा महाड्यूक (१३७७ पासून) व पोलंडचा राजा (१३८६–१४३४). यागिएलॉन घराण्याचा मूळ पुरुष. लिथुएनियन नाव योगाइला. महाड्यूक आल्गिर्दास व त्याची दुसरी पत्नी, त्व्हेरची राजकन्या यूलियाना, यांचा हा मुलगा.

जन्मवर्षाचा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. जुन्या ग्रंथांत १३५१ किंवा १३५२ हे वर्ष सर्रास आढळते. आल्गिर्दास व यूलियाना यांचा विवाह १३५० च्या सुमारास झाला, यागिएलो हा या विवाहातील थोरला मुलगा, म्हणून लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत तो जन्मला असावा, असा त्यामागचा सरळ हिशेब. पंधराव्या शतकातील इतिवृत्तकार यान द्लुगोश यानेही राजाचे चित्र अतिवृद्ध म्हणूनच रंगविले आहे. तादेउश व्हासिलेव्हस्की व यान तेंगोव्हस्की या पोलिश संशोधकांनी हा हिशेब मोडीत काढला. थोरला मुलगा म्हणजे पहिले अपत्य नव्हे. त्याच्या आधी मुली झालेल्या असू शकतात. भावंडांचा क्रम नव्याने लावून त्यांनी जन्म १३६२ च्या सुमाराचा ठरविला. अलीकडील लेखन बहुतांशी याच मताकडे झुकते व ते अधिक सयुक्तिकही दिसते. १३५२ धरल्यास हा महाड्यूक तेहतीस-चौतीस वर्षांपर्यंत अविवाहित राहिला आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्याला पहिला मुलगा झाला, असे मानावे लागते. दहा वर्षांचा हा फरक क्षुल्लक नाही. मुलांच्या औरसपणाविषयी पुढे जे प्रवाद उठले, त्यांना किती वजन द्यायचे हे या आकड्यावर बरेच अवलंबून आहे.

वडिलांच्या मृत्यूनंतर (१३७७) सत्ता यागिएलोकडे आली. चुलता केंस्तुतिस याने १३८१ मध्ये त्याला पदच्युत केले. पुढच्याच वर्षी केंस्तुतिस कैदेत पडला व क्रेवोच्या किल्ल्यात मरण पावला. त्याचा मुलगा व्हितौतस निसटून ट्यूटॉनिक सरदारसंघाच्या (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या) आश्रयाला गेला. मॉस्कोशी सोयरीक जुळविण्याचा एक प्रयत्न या काळात झाला, पण तो तडीस गेला नाही. त्याऐवजी १४ ऑगस्ट १३८५ रोजी क्रेवो येथे पोलिश प्रतिनिधींशी करार झाला : यागिएलोने भावंडांसह रोमन कॅथलिक धर्म स्वीकारावा, पोलंडची राणी यादव्हिगा हिचा पूर्वनियोजित वर ऑस्ट्रियाचा विल्हेल्म याला दोन लाख फ्लोरिन भरपाई द्यावी आणि लिथुएनिया पोलंडच्या राजमुकुटाशी जोडावा. या दस्तऐवजाच्या अस्सलपणाबद्दल काही लिथुएनियन अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. त्या फारशा मान्य झालेल्या नाहीत. ‘जोडणे’ म्हणजे विलीनीकरण की केवळ एकाच राजाची सत्ता, याबद्दल मात्र पोलिश व लिथुएनियन इतिहासकारांत खरा मतभेद आहे. प्रत्यक्ष व्यवहार पाहता दुसरा अर्थ अधिक जुळतो, कारण यागिएलो व व्हितौतस यांच्यातील १३९२ च्या ओस्त्रूव्ह करारानंतर लिथुएनियाचा कारभार व्हितौतसच्याच हाती राहिला. १४१३ च्या होरोद्लो सनदेने ४७ लिथुएनियन सरदारांना पोलिश कुळांनी आपली मानचिन्हे दिली. विलीनीकरण पुरे झालेले असते, तर ही उठाठेव करावी लागली नसती.

१५ फेब्रुवारी १३८६ रोजी बाप्तिस्मा, १८ ला विवाह आणि ४ मार्चला राज्याभिषेक, असे सर्व तीन आठवड्यांच्या आत क्राकूव्ह येथे उरकले. यादव्हिगा तेव्हा बारा वर्षांची होती. १३८४ मध्ये तिचा अभिषेक ‘राजा’ म्हणून झाला होता. वारसाहक्क तिचा होता, यागिएलोचा नव्हे. पुढच्या साऱ्या घराणे-राजकारणाचे मूळ यातच आहे. १३९९ मध्ये कन्येला जन्म दिल्यावर महिनाभरात यादव्हिगा वारली, कन्या तिच्या आधीच गेली होती. तेव्हा राजाचा पोलंडवरील हक्क काय, हा प्रश्न उभा राहिला. उमरावांनी त्याला गादीवर कायम ठेवले. त्याने पोलंडचा पूर्वीचा राजा काझिमिएश तिसरा याची नात, चेल्येची आन्ना, हिच्याशी १४०२ मध्ये लग्न करून जुन्या प्यास्त घराण्याशी पुन्हा नाते जोडले. तिच्यापासून झालेली यादव्हिगा (१४०८–३१) हीच बरीच वर्षे वारस होती. १४२१ मध्ये तिचा ब्रांडेनबुर्गच्या फ्रीड्रिखशी वाङ्‌निश्चयही झाला. तिसरी पत्नी, विधवा एल्झ्बिएता ग्रानोव्हस्का, दरबाराला मुळीच पसंत नव्हती. तिची आई बाप्तिस्म्याच्या वेळी राजाची धर्ममाता होती, त्यामुळे ती राजाची धर्मभगिनी ठरून धर्मशास्त्राचाही अडसर निघाला.

चौथी पत्नी सोफिया होल्शान्स्का ही व्हितौतसच्या पत्नीची भाची. विवाह १४२२ मध्ये झाला, आणि व्लादिस्लाव (१४२४) व काझिमिएश (१४२७) हे मुलगे तिचेच. १४२७ मध्ये ती गरोदर असताना तिच्यावर व्यभिचाराचा आरोप आला. तो पुढे रेटण्यात खुद्द व्हितौतसचा हात होता, हे विशेष. सेविकांचा छळ करून काही सरदारांची नावे वदविण्यात आली. अखेर राणीने इतर प्रतिष्ठित स्त्रियांसह शपथ घेऊन आरोप फेटाळला. मुलांचा हक्क मान्य करण्याची किंमत उमरावांनी सनदांच्या रूपाने वसूल केली. ब्रेश्च येथे १४२५ मध्ये वाटाघाटी ठरल्या, पण राजा मागण्या पुऱ्या करीना. तेव्हा १४२६ मध्ये वेंचित्सा येथील सभेत सरदारांनी वारसाच्या मान्यतेचा दस्तऐवज राजासमक्ष तलवारींनी फाडून टाकला. येद्ल्न्या (१४३०) व क्राकूव्ह (१४३३) येथील सनदांनी न्यायनिवाड्यावाचून कोणाही जमीनधारक सरदाराला अटक न करण्याची हमी दिली. पोलंडमधील सरदारशाहीच्या हक्कांचा हा पाया समजला जातो.

ट्यूटॉनिक संघाविरुद्धचा ग्रुनव्हाल्डचा विजय (१५ जुलै १४१०) सुपरिचित आहे. त्यामानाने १४११ चा तोरुनचा तह तोकडा होता : झेमाइतिया हा प्रांत यागिएलो व व्हितौतस यांच्या हयातीपुरताच मिळाला.

राजाच्या स्वभावाविषयीची बहुतेक माहिती द्लुगोशकडून येते. तो क्राकूव्हचा प्रभावी बिशप झ्बिग्न्येव्ह ओलेश्नित्स्की याच्या पदरी होता, म्हणून ती जपून वापरावी लागते. राजा मद्य घेत नसे, बाहेर पडण्यापूर्वी तीनदा गिरकी घेई आणि गवताच्या काडीचे तीन तुकडे करून फेकी, असे तो सांगतो. नाइटिंगेलचे गाणे ऐकत रात्री थंडीत बसल्याने राजाला अखेरचे आजारपण आले, हीही त्याचीच हकिकत. दरबारी शत्रुत्वाशी संबंध नसल्याने अशा किरकोळ नोंदी त्याच्या राजकीय शेऱ्यांपेक्षा विश्वासार्ह वाटतात. लुब्लिनच्या किल्ल्यातील प्रार्थनामंदिरात राजाने रूथेनियन चित्रकारांकडून करवून घेतलेली भित्तिचित्रे (१४१८) आजही आहेत. लॅटिन पंथीय गॉथिक वास्तूत बायझंटिन शैली येथे पाहावयास मिळते.

ल्व्हूव्हजवळील ग्रूदेक येथे तो मरण पावला व क्राकूव्हच्या व्हाव्हेल कॅथीड्रलमध्ये त्याला पुरण्यात आले. काही उमरावांचा विरोध मोडून नऊ वर्षांच्या व्लादिस्लावचा २५ जुलै १४३४ रोजी अभिषेक झाला, पण कारभार प्रामुख्याने ओलेश्नित्स्कीच्या हाती गेला.